गावात जागल सुरू करताना: पहिल्यांदाच राखणीला उभं राहणाऱ्यांसाठी

चोरी म्हटली की मध्यरात्र डोळ्यापुढे येते. पण कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत आपलं गाव जितकं रिकामं असतं, तितकं ते रात्री कधीच नसतं. धडधाकट माणसं वावरात, पोरं शाळेत, घरी एखादी म्हातारी बाजेवर पडलेली आणि किल्ली दाराच्या वरच्या कोनाड्यात. ती तिथेच असते हे अख्ख्या गावाला ठाऊक, आणि दोनदा गावात चक्कर मारून गेलेल्या परक्यालाही ठाऊक. म्हणून राखण दल काढायचं ठरलं की टॉर्च आणि काठ्या विकत घेण्याआधी दिवसाचं गाव नीट पाहून घ्या.

हा लेख विदर्भातल्या गावात पहिल्यांदाच असं दल उभारू पाहणाऱ्यांसाठी आहे. दलाचं काम काय, हे आधी पक्कं करावं: पाहणं, विचारणं, कळवणं, आणि ज्याच्यावर वेळ आली त्याच्या सोबतीला राहणं. पकडणं आणि मारणं त्यात बसत नाही. हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर बोललं गेलं नाही, तर चार महिन्यांनी त्याच दलाच्या हातून काहीतरी भयंकर घडू शकतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी गावाचं वर्ष मांडा

एक वही घ्या आणि मागच्या दोन-तीन वर्षांत काय काय गेलं ते लोकांना विचारून महिन्यांप्रमाणे लिहा. ठाण्यात नोंद झालेलं आणि न झालेलं, दोन्ही. लोक आधी "आपल्याकडे काही नाही जात" म्हणतील, आणि चहा होईपर्यंत चार मोटरी, दोन बकऱ्या आणि एका ट्रॅक्टरची बॅटरी निघेल.

वही भरली की गावाचा हिशेब दिसू लागतो. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगून झालं की थ्रेशर मिळेपर्यंत गंज्या वावरातच असतात. नोव्हेंबरपासून घरात कापूस भरलेला, आणि विकला की पेटीत रोकड. रब्बीचं ओलीत सुरू झालं की मोटरी, केबल, स्प्रिंकलरचे नोझल. वरूड-मोर्शीकडे बागेत माल तयार झाला की संत्र्याची राखण. एप्रिल-मे सगळ्यात अवघड. उकाड्याने माणसं अंगणात नाहीतर स्लॅबवर झोपतात, खाली घर उघडं. आणि लग्नसराईत तर अख्खं घर कुलूप लावून दोन दिवस वऱ्हाडात.

सगळ्या गावाला बाराही महिने सारखी राखण लागत नाही. पेरणीच्या धांदलीत माणसाला रात्री जागवणं अन्यायाचं आहे, आणि ते टिकतही नाही. ज्या महिन्यात जे जातं, त्या महिन्यात त्याच जागी डोळे ठेवा.

कुणाला विचारायचं, कुणाला कळवायचं

पहिली भेट पोलीस पाटलांची. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे गावातल्या गुन्ह्याची आणि शांतता बिघडवू शकणाऱ्या गोष्टींची खबर ठाण्याला देणं हे त्यांचं कामच आहे. त्यांना वगळून दल काढलं तर ते पहिल्या दिवसापासून आडवे येतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. काही गावांत हे पद रिकामं असतं किंवा शेजारच्या गावच्या पाटलांकडे जादा कारभार असतो. तसं असेल तर सरळ बीट जमादारांना, म्हणजे ठाण्यातून आपल्या भागाचं काम पाहणाऱ्या हवालदारांना, गाठा.

मग ठाण्यात जाऊन ठाणेदारांना लेखी अर्ज द्या. दलातल्या प्रत्येकाचं नाव, वय, मोबाइल, आधारची झेरॉक्स आणि फिरण्याच्या वेळा. अर्जाची एक प्रत पोचशिक्क्यासह परत आणा. रात्री दोन वाजता गस्तीची गाडी अडवून "तुम्ही कोण?" विचारेल तेव्हा हाच कागद कामी येतो. ठाण्यातून ओळखपत्रं मिळत असतील तर नक्की मागून घ्या.

तिसरी गोष्ट ग्रामसभेची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जी जवळ असेल तिच्यात ठराव घ्या. गावात तंटामुक्त समिती असेलच. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हापासून गावोगावी समित्या आहेत, काही चालत्या, काही कागदावर. चालती असेल तर दल तिच्याशी जोडा. आणखी एक: दारूबंदी कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन जे ग्रामरक्षक दल आलं, ते अवैध दारूसाठी आहे आणि त्याची रीत वेगळी आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका. चोरीच्या राखणीत दारूवाल्याशी भांडण उकरलं की पहिल्याच महिन्यात गाव दोन गटांत वाटलं जातं. दारूचा प्रश्न मोठा आहे, तो त्याच्या वेगळ्या वाटेनेच लढावा.

माणसं निवडताना

इथे बहुतेक दलं फसतात. सरपंचाच्या पॅनलचे बारा पोट्टे उभे राहतात, आणि मग ती राखण गावाची न राहता पॅनलची होते. प्रत्येक मोहल्ल्यातून, प्रत्येक पुऱ्यातून माणूस घ्या. विहाराजवळच्या वस्तीतून, तांड्यावरून, गावाबाहेरच्या पारध्यांच्या बेड्यावरूनही, म्हणजे त्यांच्या वस्तीवरूनही. शेवटच्या नावावर बैठकीत कुजबुज होईल. होऊ द्या, आणि तरी घ्या.

फासेपारध्यांना इंग्रजांनी १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावात काही गेलं की पहिली नजर आजही बेड्याकडेच वळते. ज्या माणसावर फुकटचा संशय येतो, त्याला राखणीत बरोबरीने उभं केलं की दोन गोष्टी साधतात. निरपराध माणसाची विटंबना थांबते, आणि रानवाटा आपल्यापेक्षा कितीतरी नीट ओळखणारा डोळा दलाला मिळतो.

पिणारा माणूस रात्रीच्या फेरीत नको, कितीही धाडसी असला तरी. आणि ज्याचं गावात कुणाशी धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, भांडण कोर्टात चालू आहे, त्याला त्या माणसाच्या वावराकडची पाळी देऊ नका.

बायकांशिवाय हे दल अर्धंच. दिवसाची राखण प्रत्यक्षात त्याच करतात, फक्त तिला कुणी राखण म्हणत नाही. बचत गटाच्या बैठकीत एवढंच ठरवा की वेचणीला जाताना एका ओळीतल्या घरांपैकी आळीपाळीने एकीने गावात थांबायचं. थांबणारीची मजुरी बुडते. ती बाकीच्यांनी मिळून भरून द्यावी, नाहीतर ग्रामपंचायतीने तरतूद करावी. ही गोष्ट वाऱ्यावर सोडली की दोन आठवड्यांत कुणी थांबत नाही. घरी असलेल्या म्हाताऱ्यांना सांगून ठेवा: फेरीवाला, भांडी चमकवून देतो म्हणणारा, "सोनं पॉलिश करून देतो" म्हणणारा आला तर दार उघडायच्या आधी शेजारी हाक मारायची.

रात्रीची फेरी

चार-चार जणांची टोळी, रात्री अकरा ते दोन आणि दोन ते पाच. एका माणसाची पाळी आठवड्यातून एकदाच यावी इतकी माणसं नसतील तर फेऱ्या कमी करा, माणसांना पिळू नका. ज्याला सकाळी सहाला बंडी जुंपायची आहे त्याला पहिली पाळी.

सोबत टॉर्च, शिट्टी, वही-पेन, भरलेला मोबाइल आणि पायात बूट. चपलेवर कुणीही निघायचं नाही; पावसाळ्यात पांदणीत साप असतात हे सांगायला नको. काठी चालेल, ती वाट चाचपायला आणि कुत्र्यांसाठी. कुऱ्हाड, विळा, कोयता घरीच ठेवायचा, यात सूट नाही.

विदर्भात आणखी दोन गोष्टी जपाव्या लागतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाच्या जंगलालगतच्या गावांत फेरी वस्तीच्या आतच ठेवा; रात्री जंगलाच्या कडेने चोर शोधत फिरणं म्हणजे वाघाच्या वाटेत जाणं. जनावर दिसलं तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६. दुसरी गोष्ट तारेतल्या करंटची. रानडुकरांसाठी काही जण कुंपणात चोरून वीज सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. अंधारात कुणाच्याही वावरातून आडवं जायचं नाही, रस्ता सोडायचा नाही. आणि कोण करंट सोडतं हे गावाला माहीत असतं. दलाने आधी त्याच्या घरी जाऊन ते बंद करायला लावावं.

वावरात रात्री जागणारा माणूस तर आपल्याकडे आहेच. रात्रपाळीची थ्री-फेज वीज असली की शेतकरी दोन वाजता मोटर चालू करायला जातोच. त्याला दलाच्या यादीत घ्या. त्या आठवड्यात कोण कुठल्या वावरात ओलिताला आहे हे रात्रीच्या फेरीवरच्या माणसांना माहीत असलं तर दोघांनाही आधार. ओलितावरच्या माणसाने तासाभराने एक मिस्ड कॉल द्यावा. नाही आला तर दोघांनी जाऊन पाहावं. साप, शॉक, चक्कर, काहीही झालेलं असू शकतं, आणि माझ्या मते राखण दलाचा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे.

अनोळखी माणूस भेटला तर

पहिला प्रश्न साधा, आवाज खालचा. "भाऊ, कोनत्या गावचे? कोनाकडे आले?" एवढंच. टॉर्च तोंडावर मारायचा नाही. खरा पाहुणा असेल तर नाव सांगेल आणि तुम्ही त्याला त्या घरापर्यंत सोडून द्याल, त्यात त्याचीही सोय. उत्तर पटलं नाही तर गाडीचा नंबर, अंगातले कपडे, कुठल्या दिशेने गेला, वेळ, एवढं वहीत टिपा आणि ११२ ला फोन लावा. ठाण्याचा आणि बीट जमादारांचा नंबरही प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा. बऱ्याच गावांत रेंज पाण्याच्या टाकीजवळ नाहीतर शाळेच्या गच्चीवरच येते. ती जागा दिवसाच पाहून ठेवा.

त्याची झडती घ्यायचा, त्याचा मोबाइल हिसकायचा, त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा अधिकार तुम्हाला नाही.

डोळ्यांसमोर गुन्हा घडला आणि माणूस हाती लागला तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्यासमोर करणाऱ्याला साधा नागरिकही धरू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, आणि काहीही झालं तरी सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावंच लागतं. तोपर्यंत त्याला बसवा, पाणी द्या, गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना बोलावून त्याच्या दोन्ही बाजूंना बसवा. पोट्ट्यांना लांब ठेवा. त्याला मार लागला तर चोरीची केस बाजूला राहते आणि तुमच्यावर गुन्हा दाखल होतो.

अफवा

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने मारून टाकली. भिक्षा मागत फिरणारी माणसं. मुलं पळवणारी टोळी आली आहे असे मेसेज मोबाइलवर फिरत होते, तेवढं पुरलं. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. तिथेही टाळेबंदीत चोर फिरत असल्याच्या अफवा होत्या आणि गावकरी रात्री पहारा देत होते.

दुसरी घटना नवीन दलातल्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. पहारा देणारी माणसं मुळात वाईट नसतात. पण भीती, जाग्रण, अंधार आणि मोबाइल एकत्र आले की शंभर जणांना एकच चोर दिसू लागतो. भारतीय न्याय संहितेत यासाठी आता स्वतंत्र तरतूद आहे: पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर त्यातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. पण कायद्याची भीती त्या क्षणी कुणाला आठवत नाही. म्हणून व्यवस्था आधी लावावी लागते.

ती अशी. भोंग्यावरून किंवा ओरडून "चोर, चोर" म्हणायचं नाही. देवळाचा, विहाराचा, मशिदीचा, ग्रामपंचायतीचा, जो भोंगा असेल त्याची जबाबदारी दोन-दोन माणसांकडे, आणि सांगायचं वाक्य ठरलेलं: "सगळ्यांनी घराचे लाइट लावा, आपापल्या दारात उभे राहा, कोणी धावू नका." उजेड आणि दारातली माणसं पाहून चोर पळतो, धावणारा जमाव मात्र जो सापडेल त्याला धरतो. शिट्टीचंही तसंच ठरवा. एक लांब शिट्टी म्हणजे टोळीतल्यांनी जमायचं, तीन आखूड म्हणजे आग. बाकीच्या गावाने दारातच थांबायचं.

ग्रुपवर "आपल्या तालुक्यात टोळी आली" असा मेसेज पडला की तो पुढे न ढकलता पोलीस पाटलांना दाखवायचा. त्यांनी ठाण्यात विचारून खरं-खोटं त्याच ग्रुपवर लिहायचं. तोपर्यंत ग्रुप बंद करून ठेवण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं करा.

दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन येणारे धनगर, गाढवांवरून बिऱ्हाड नेणारे, नंदीबैलवाले, बहुरूपी, वासुदेव यांची पालं गावाबाहेर पडली की दुसऱ्याच सकाळी पोलीस पाटील आणि दलातले दोघे, त्यात एक बाई असावी, तिथे जाऊन बोलून या. किती दिवस थांबणार, पाणी कुठून घेणार, दुखणंखुपणं असेल तर दवाखाना कुठे. नावं लिहून घ्या आणि तुमचे नंबरही त्यांना द्या. मग रात्री कुणी "पालवाले चोर" म्हणालं की तुम्हाला त्या पालातल्या माणसांची नावं माहीत असतील.

चोरी झालीच तर

तिथलं काही हलवायचं नाही, आत गर्दी करायची नाही. ११२ किंवा ठाणं. पंचनामा होईपर्यंत दलातला एक जण दारात बसेल. आणि एक जण फिर्याद द्यायला त्या माणसाबरोबर जाईल. ही सोबत फार मोठी आहे. एकट्या म्हाताऱ्या माणसाला ठाण्याच्या पायऱ्या चढताना काय वाटतं हे गावाला माहीत आहे.

फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंद घ्यायला नकार मिळाला तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा; ती सोयही कायद्यातच आहे. साध्या कोऱ्या अर्जावर शिक्का घेऊन समाधान मानू नका. आणि किंमत नीट सांगा, बिल जोडा. पाच हजारांपेक्षा कमी मालाच्या चोरीला नव्या कायद्यात सौम्य तरतूद आहे, त्यामुळे केबलचा आणि मोटरचा आकडा अंदाजे सांगून चालत नाही.

त्यासाठी आधीची तयारी लागते. प्रत्येक मोटरच्या बॉडीवर गावाची खूण आणि मालकाचा नंबर कोरून घ्या, फोटो काढा, बिलाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. बकऱ्यांच्या कानाला बिल्ला. तालुक्याच्या भंगारवाल्यांना दलाच्या वतीने जाऊन सांगा की आमच्या गावचा माल खुणेचा आहे. केबल चोरणारे तांबं काढायला ती नाल्याकाठी जाळतात. जळक्या रबराचा वास किंवा काळी राख दिसली तर ती जागा न तुडवता ठाण्याला कळवा.

मोबाइलवरच्या चोरीला वेळेचं फार महत्त्व आहे. पीएम किसानच्या नावाने आलेली फाइल उघडली आणि खात्यातून पैसे गेले, तर लगेच १९३०. पैसा पुढच्या खात्यातून निघून जायच्या आधी तो अडवता येऊ शकतो. हा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

ज्याचं गेलं त्याच्यासाठी

ऐन ओलितात मोटर गेली तर गहू-हरभरा आठवडाभर थांबत नाही. दलाने गावात एक जादा मोटर आणि शंभर फूट केबल वर्गणीतून घेऊन ठेवावी, ज्याची गेली त्याला नवीन येईपर्यंत वापरायला. हे पैसे कॅमेऱ्यांआधी खर्च करा. कॅमेरे वाईट नाहीत, फाट्यावर आणि गावात शिरणाऱ्या रस्त्यावर दोन असले तर गाड्यांचे नंबर मिळतात. पण बंद पडलेल्या कॅमेऱ्याखाली गाव निर्धास्त झोपतं, आणि गेलेल्या मोटरीवाल्याला त्याचा काही उपयोग नसतो.

एकट्या राहणाऱ्यांची यादी करा. मुलं पुण्याला, घरी दोघं म्हातारे. नवरा गेलेली बाई आणि दोन लेकरं. मिरची तोडायला तेलंगणात गेलेल्या मजुरांची बंद घरं. दोन-दोन घरं एका-एका माणसाला वाटून द्या. रोज संध्याकाळी जाता-येता एक हाक: "मावशी, जेवल्या का?" गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना गावात होत असेल तर तिथे रोज येणारा कोण आज आला नाही, हे आपोआप कळतं, ती जागा वापरा. कर्जात बुडालेल्या घरातला माणूस दोन दिवस बाहेर दिसला नाही, तर ती खबरही राखण दलाचीच आहे. त्याच्याकडे कामाचं निमित्त काढून जा आणि बसा.

वहीचं काय करायचं

फेरीची वही रोज सकाळी पोलीस पाटलांकडे जाईल. त्यात काही घडलं नाही असंच बहुतेक दिवस लिहिलेलं असेल, आणि लोकांना वाटेल की उगाच जागतोय. कंटाळा डिसेंबरच्या थंडीत येतो. तेव्हा फेऱ्या निम्म्या करा, पण बंद करू नका. वर्गणीचा हिशेब दर महिन्याला चावडीवर लावा, चहाच्या पैशांसकट. दर तीन महिन्यांनी बीट जमादारांना गावात बोलावून वही दाखवा आणि बायकांना आधी बोलू द्या. दलाचा प्रमुख दरवर्षी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत बदला आणि वही, शिट्ट्या, जादा मोटर, यादी, सगळं नव्या माणसाच्या हाती सर्वांसमोर सही घेऊन सोपवा.